रानगुलाबावर गाठी करणाऱ्या गांधीलमाश्या

डिप्लोलेपिस या प्रजातीतील चिमुकल्या गांधीलमाश्या रानगुलाबावर गाठी निर्माण करतात. परंपरेने त्यांचा समावेश सिनिपिडे कुळात होतो. युरोप, आशिया व उत्तर अमेरिकेत त्या आढळतात आणि गुलाबाखेरीज दुसऱ्या झाडावर सहसा गाठी करीत नाहीत. डिप्लोलेपिस रोझी ही सर्वांत परिचित जाती. लिनीअसने १७५८ मध्ये तिचे वर्णन केले.

तिची मादी जेमतेम ४ मिमी लांब असते. छाती काळी, पोट नारिंगी-तांबूस. वसंतात ती न उमललेल्या पानकळीत अंडी घालते. गाठ मात्र माशी बांधत नाही, झुडूपच आपल्या पेशींतून ती वाढवते. अंडी व अळ्या यांच्या प्रभावाने कळीची वाढ नेहमीची वाट सोडते आणि प्रत्येक अळीभोवती एकेक कप्पा तयार होतो. कप्प्याच्या आतल्या बाजूच्या पोषक पेशी हेच अळीचे अन्न. बाहेरून फांद्या फुटलेले चिकट केस येतात, त्यामुळे गाठ शेवाळाच्या गोळ्यासारखी दिसते. आधी हिरवी, मग गुलाबी-लाल, शरद ऋतूत तपकिरी. मोठी गाठ १० सेंमीपर्यंत भरते. ती कापली की लाकडासारखे टणक कप्पे आणि प्रत्येकात एक पांढरी अळी दिसते. हिवाळा अळ्या तिथेच काढतात. झुडपाला सहसा फारसा अपाय होत नाही. सगळ्याच गाठी अशा केसाळ नसतात: डिप्लोलेपिस एग्लँटेरी या जातीची गाठ वाटाण्याएवढी, गुळगुळीत असून तिच्यात एकच अळी असते.

रोझी जातीत नर फार विरळ. गांधीलमाश्यांत एरवी निषेचन न झालेल्या अंड्यातून नर जन्मतो. इथे वोल्बाकिया हा पेशींत राहणारा जीवाणू अशा अंड्यातील गुणसूत्रे दुप्पट करवतो आणि मादीच जन्मते. एका सूक्ष्म जीवाने यजमानाची प्रजननरीतच पालटावी, हे या कीटकाचे सर्वांत विलक्षण वैशिष्ट्य म्हणावे लागेल.

गाठीत मूळ मालक एकटा राहत नाही. पेरिक्लिस्टस ब्रँटी ही माशी स्वतः गाठ सुरू करू शकत नाही. ती आयत्या गाठीत अंडी घालते आणि तिच्या अळ्या आपले कप्पे करवून घेतात. ऑर्थोपेल्मा मेडिएटर व टोरिमस बेडेग्वारिस या परजीवी माश्यांच्या अळ्या मूळ अळ्यांना खातात, आणि या परजीवींवरही जगणारे आणखी परजीवी असतात. म्हणून हिवाळ्यात गोळा करून ठेवलेल्या गाठीतून वसंतात गाठ करणाऱ्या माश्यांपेक्षा हे उपरे कीटकच अधिक बाहेर पडले, असेही पुष्कळदा घडते.