बुद्धिमान वाहतूक प्रणाली संशोधन (ग्रामीण विदर्भ)

रस्त्यावरच्या वाहनांची संख्या, प्रकार आणि वेग कॅमेरे व संवेदकांनी टिपून त्यावरून सिग्नलची वेळ, चालकाला द्यायचा इशारा किंवा धोकादायक वळणाची दुरुस्ती ठरवणारी यंत्रणा म्हणजे बुद्धिमान वाहतूक प्रणाली. १९८३ मध्ये राज्याने विनाअनुदान महाविद्यालयांना परवानगी दिली. शेगाव, सेवाग्राम अशा ठिकाणी अभियांत्रिकीचे शिक्षण पोहोचले आणि या विषयाचा प्राध्यापक कापसाच्या गाड्या जातात त्याच रस्त्याने कॉलेजात येऊ लागला. इथल्या संशोधनाला वेगळे वळण मिळते ते या रस्त्यामुळे.

पहिला प्रश्न मोजणीचा. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या ‘भारतीय रस्ते काँग्रेस’ या संस्थेच्या १९७२ च्या मार्गदर्शिकेनुसार ग्रामीण रस्त्यावरची वाहनगणना वर्षातून किमान दोनदा, सलग सात दिवस, चोवीस तास करायची असते: एकदा सुगी आणि बाजाराच्या भरात, एकदा मंदीच्या दिवसांत. विदर्भासाठी ही अट फार शहाणपणाची आहे. दिवाळीच्या सुमारास हिंगणघाट, अकोटकडे कापसाची रीघ लागते, वरुड-मोर्शीहून संत्र्याचे ट्रक निघतात. जूनमध्ये तोच रस्ता ओळखू येत नाही. निरनिराळी वाहने एका मापात आणण्यासाठी ‘प्रवासी कार एकक’ वापरतात. ग्रामीण रस्त्यांसाठीच्या १९९० च्या कोष्टकात कार १, दुचाकी ०.५, ट्रक किंवा बस ३, ट्रॉली जोडलेला ट्रॅक्टर ४.५ आणि बैलगाडी ८. म्हणजे पाच बैलगाड्या चाळीस कारइतका रस्ता अडवतात. यंत्राला बैलगाडी ओळखता आली नाही, तर पुढचे सगळे गणितच ढासळते.

अडचण नेमकी इथेच आहे. यंत्र वाहने ओळखायला शिकते ते चित्रांवरून. हैदराबादच्या आयआयआयटी या माहिती-तंत्रज्ञान संस्थेने पुढाकार घेऊन त्यासाठी तयार केलेल्या भारतीय रस्त्यांच्या चित्रसंचात १०,००० चित्रे आणि वस्तूंचे ३४ वर्ग आहेत. परदेशी संचांत न सापडणारी ऑटोरिक्षा त्यात आहे, पण चित्रे मुख्यतः हैदराबाद-बंगळूर आणि त्यांच्या आसपासची. कापसाने फुगलेल्या ट्रॉलीआड ट्रॅक्टर दिसत नाही, मागचे दिवेही झाकले जातात. बैल ‘प्राणी’ आणि गाडी ‘इतर वाहन’ अशी फोड होऊ शकते. त्यामुळे इथल्या प्राध्यापकाच्या कारकिर्दीतला मोठा वाटा स्थानिक चित्रे गोळा करण्यात आणि विद्यार्थ्यांकडून त्यांतल्या वाहनांभोवती, यंत्राला ओळख शिकवण्यासाठी, चौकटी आखून घेण्यात जातो. नव्या अल्गोरिदमइतकी वाहवा या कामाला मिळत नाही. खरे तर ती मिळायला हवी. मेळघाटाच्या घाटात मोबाइलची रेंज जाते, म्हणून तिथे चित्रावरची प्रक्रिया खांबावरच्या छोट्या संगणकातच उरकावी लागते.

अपघातांच्या बाबतीत सरकारी व्याख्या अपुरी पडते. सुमारे ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात किंवा दहा मृत्यू झाले, तरच तो ‘ब्लॅक स्पॉट’ म्हणजे अपघातप्रवण ठिकाण ठरतो. नागपुरात सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘आयरास्ते’ या रस्ते-सुरक्षा प्रकल्पाने शहर बसवर टक्कर-इशारा देणारी उपकरणे बसवली आणि जिथे इशारे वारंवार वाजतात ती ठिकाणे ‘ग्रे स्पॉट’ म्हणून आधीच हेरण्याची वाट धरली. खेड्यांच्या रस्त्यांवर हे काम एसटीला सर्वांत चांगले जमेल: ती ठरलेल्या मार्गाने रोज जाते, आणि ट्रॅक्टर, बैलगाड्या, गुरे यांच्यातूनच जाते.