बारा सिलिंडर इंजिन

एकाच क्रँकशाफ्टवर (पिस्टनची सरकती हालचाल फिरत्या गतीत बदलणाऱ्या दांड्यावर) बारा पिस्टन चालणारे अंतर्ज्वलन इंजिन. सहा-सहा सिलिंडरच्या दोन ओळी एकमेकींशी कोन करून बसवल्या की त्याला ‘व्ही-१२’ म्हणतात. ओळी अगदी आडव्या पाडल्या की ‘सपाट बारा’ होते, आणि तीन किंवा चार ओळी असतील तर ‘डब्ल्यू-१२’. नेपियर कंपनीचे ‘लायन’ हे विमानाचे इंजिन तीन ओळींचे होते, तर फोक्सवॅगन समूहाचे चार ओळींचे इंजिन २००३ पासून बेंटलीच्या ‘कॉन्टिनेंटल जीटी’त बसू लागले. मोटारींच्या दर्दी मंडळींत नुसते ‘बारा’ म्हटले तरी बहुधा व्ही-१२ अभिप्रेत असते.

या रचनेच्या मऊ चालीचे श्रेय अनेकदा दोन ओळींमधल्या ६०° कोनाला दिले जाते. ते अर्धेच खरे आहे. चार-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२०° मध्ये, एकदा पेटतो. बारा सिलिंडर समान अंतराने पेटायचे तर दर ६०° ला एक ज्वलन हवे, आणि ६०° चा कोन ते सहज साधतो. पण कंप नाहीसा होण्याचे कारण वेगळे आहे. एका रांगेतल्या सहा सिलिंडरांची पहिल्या आणि दुसऱ्या प्रतीची जडत्वीय बले (पिस्टन सरकताना दर फेरीला एकदा आणि दोनदा बसणारे धक्के), तसेच त्यांची परिबले (इंजिन डोलवू पाहणारा परिणाम), आपापसांतच रद्द होतात. व्ही-१२ म्हणजे अशा दोन संतुलित रांगा. त्यामुळे कोन कितीही ठेवला तरी संतुलन ढळत नाही, बदलतो तो ज्वलनाचा ताल. समोरासमोरच्या दोन सिलिंडरांना एकच क्रँकपिन (क्रँकशाफ्टवर पिस्टनचा दांडा जोडायची जागा) असेल तर ९०° कोनात ज्वलने ९०° आणि ३०° अशा आळीपाळीने येतात. फेरारीने १९९२ च्या ‘४५६’ मध्ये ६५° कोन घेतला, तेव्हा दोन ओळींच्या मधल्या घळीत हवेच्या नळ्यांना जागा मिळाली आणि संतुलनाची किंमत मोजावी लागली नाही. चालत्या इंजिनावर नाणे काठावर उभे करून दाखवण्याची जुनी रीत याच संतुलनाची परीक्षा आहे. आवाजाचेही गणित साधे आहे: मिनिटाला ६,००० फेरे असतील तर सेकंदाला ६०० ज्वलने होतात. कान ज्याला ‘किंचाळी’ म्हणतात ती हीच उंच पट्टी.

उगमाबाबत मतभेद आहेत, आणि बरेचसे ‘पहिले’ म्हणजे नेमके काय यावर अवलंबून आहेत. इंजिन म्हणून पाहिले तर अग्रमान बहुधा लंडनच्या पुटनी मोटर वर्क्सने १९०४ च्या सुमारास शर्यतीच्या बोटीसाठी केलेल्या ‘क्रेग-डॉरवाल्ड’ इंजिनाला जातो. त्याचा कोन ९०° होता, घनमान (सर्व सिलिंडरांची मिळून पिस्टनने व्यापलेली जागा) सुमारे १८.४ लिटर आणि शक्ती १५० अश्वशक्तीच्या आसपास. मोटारीत व्ही-१२ प्रथम आले ते १९१३ मध्ये, लुई कोआतालेन यांच्या देखरेखीखाली झालेल्या सनबीम या ब्रिटिश कंपनीच्या ९ लिटरच्या ‘टूडल्स ५’ या ब्रुकलँड्स शर्यतमार्गावरच्या विक्रमी गाडीत. विक्रीसाठी मोठ्या संख्येने बनलेली पहिली गाडी मात्र पॅकार्ड या अमेरिकन कंपनीची ‘ट्विन सिक्स’. तिचे अभिकल्पक जेसी व्हिन्सेंट. ती १९१५ मध्ये जाहीर झाली. तिचे ६.९ लिटरचे इंजिन ६०° कोनाचे होते आणि १९२३ पर्यंत तिच्या ३०,००० हून अधिक गाड्या बनल्या. १९१५ मध्येच नॅशनल कंपनीनेही बारा सिलिंडरची गाडी आणली, म्हणून काही लेखक हा मान विभागून देतात. सनबीमची गाडी अमेरिकेत गेली आणि तिच्यावरून पॅकार्डला कल्पना सुचली, असेही एक मत आहे. परंतु १९१५ च्या मे महिन्यात जाहीर झालेल्या गाडीचे आराखडे त्याआधी बराच काळ चालू असणार. तेव्हा सनबीमचा प्रभाव असलाच तर तो पुष्टी देणारा असावा, मूळचा नव्हे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

दर्दी मंडळींचा सर्वांत आवडता वाद फेरारीच्या बाराचा: त्याची कल्पना कुठून आली? पॅकार्डच्या बारा सिलिंडरने आपण भारावून गेलो होतो, असे कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी स्वतः सांगत. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन अधिकाऱ्यांकडे दिसलेल्या पॅकार्ड गाड्या, तसेच मारिया अँतोनिएत्ता अव्हान्झो या शर्यतपटूंची पॅकार्ड, यांचा उल्लेख या संदर्भात होतो. दुसरा पक्ष युरोपीय वंशावळ मांडतो. डेलाज या फ्रेंच कंपनीने १९२३ मध्ये २ लिटरची व्ही-१२ गाडी उतरवली होती. फ्रान्समधल्या माँलेरी येथे १९२५ साली अल्फा रोमिओ चालवणारे अँतोनिओ अस्कारी मृत्युमुखी पडले, ती शर्यत अखेर डेलाजने जिंकली. पुढे १९३६ मध्ये व्हित्तोरिओ यानो यांनी अल्फासाठी बारा सिलिंडर इंजिन केले, आणि त्यांच्याच हाताखाली जोआकीनो कोलोंबो तयार झाले. याच कोलोंबोंनी फेरारी ‘१२५ एस’चे १.५ लिटर इंजिन रेखाटले. त्याच्या सिलिंडरचा व्यास ५५ मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ५२.५ मिमी. स्ट्रोक व्यासाहून आखूड ठेवणे आणि लहान सिलिंडरांतून फेरे वाढवणे हा विचार पॅकार्डच्या संथ, लांब स्ट्रोकच्या इंजिनातून येणे शक्य नव्हते. ओढ पॅकार्डची आणि विद्या अल्फाची, असे दोन्ही पक्षांना जोडता येते. ११ मे १९४७ रोजी पिआचेन्झा येथे ‘१२५ एस’ प्रथम धावली आणि आघाडीवर असताना इंधनपंपाच्या दोषाने थांबली. दोनच आठवड्यांनी तिने रोममध्ये शर्यत जिंकली. ‘१२५’ हा आकडा एका सिलिंडरचे घनमान सांगतो. बाराने गुणून लिटर काढायचे, ही या छंदातली पहिली बाराखडी. त्याच हिशेबाने ‘२५०’ म्हणजे ३ लिटर.

नावांची एक गफलत सपाट बाराची. खऱ्या बॉक्सर रचनेत प्रत्येक पिस्टनला स्वतःची क्रँकपिन असते आणि समोरासमोरचे पिस्टन एकाच वेळी बाहेर, एकाच वेळी आत येतात. फेरारीच्या ‘बर्लिनेत्ता बॉक्सर’मध्ये किंवा पोर्शेच्या ‘९१७’मध्ये तसे नाही. तिथे दोन पिस्टन एकाच पिनवर आहेत, म्हणजे ते १८०° चे व्ही-१२ आहे.

दंतकथांचीही कमतरता नाही. लँबोर्गिनीसाठी जोत्तो बिझ्झारिनी यांनी केलेल्या इंजिनाबाबत, ठरलेल्या शक्तीपेक्षा जास्त मिळेल त्या प्रत्येक अश्वशक्तीमागे बक्षीस होते, असे सांगितले जाते. १९६४ च्या सुमारास ३.५ लिटरने विक्रीस आलेली ही मूळ रचना ६.५ लिटरपर्यंत वाढून २०१० पर्यंत टिकली, हे मात्र कथेच्या आधाराशिवायही थक्क करणारे आहे. मॅक्लारेन ‘एफ१’च्या इंजिनकप्प्यातला सोन्याचा पत्रा ही दंतकथा नाही. पाउल रोशे यांच्या बीएमडब्ल्यू इंजिनाची उष्णता परतवण्यासाठी तो लावलेला असतो.

फॉर्म्युला वनमध्ये होंडाने १९६५ साली मेक्सिकोत गाडीच्या रुंदीच्या दिशेने आडव्या बसवलेल्या १.५ लिटरच्या व्ही-१२ ने आपला पहिला विजय मिळवला. व्ही-१२ चे शेवटचे अजिंक्यपदही होंडाचेच, १९९१ मध्ये आयर्टन सेन्ना यांच्या हातून. या प्रकारचा तिथला अखेरचा विजय १९९५ च्या कॅनडा ग्रांप्रीत जाँ आलेझी यांनी फेरारीतून मिळवला. रस्त्यावरच्या गाड्यांत जॅग्वारचे ५.३ लिटर (१९७१), टोयोटा ‘सेंच्युरी’चे ५ लिटर (१९९७) आणि ऑडी ‘क्यू७’चे ६ लिटर डिझेल (२००८) ही वेगवेगळ्या स्वभावांची उदाहरणे आहेत. अलीकडे कॉसवर्थने गॉर्डन मरी यांच्या ‘टी.५०’साठी केलेले ३.९ लिटर इंजिन मिनिटाला १२,१०० फेरे घेते. त्याचे वजन १७८ किग्रॅ. आहे.