छोट्या विमानात बाळाला ऑक्सिजन कमी पडतो?
‘चार सीटच्या विमानात हवेचा दाब राखत नाहीत, गरोदर बाईने त्यात बसूच नये,’ हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. पण मोठ्या जेटच्या केबिनमधली हवाही ६ ते ८ हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ असते, साधारण शिमल्यासारखी. सेसना १७२ हे चार सीटचं विमान समुद्रसपाटीपासून ४ हजार फुटांवर असेल, तर तुम्ही महाबळेश्वरच्याही खाली!

काळजी करायची ती हीटरची. तो इंजिनाच्या एक्झॉस्टच्या, म्हणजे बाहेर पडणाऱ्या धुराच्या, उष्णतेवर चालतो. मफलरला, म्हणजे एक्झॉस्टचा आवाज कमी करणाऱ्या डब्याला, तडा गेला की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आत येतो. वास नाही, रंग नाही, आणि गर्भाच्या रक्तात तो आईपेक्षा जास्त साठतो. डिटेक्टर हवाच. पट्टा पोटाखालून बांधा. ॲनिमिया असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

तान्ह्याचे कान दुखतात ते उतरताना. वैमानिकाला सावकाश उतरायला सांगा, बाळाला बाटली चोखायला द्या.