शौचातून रक्त: मूळव्याध आहे हे कुणी ठरवलं?

शौचाला रक्त पडलं की आपल्याकडे निदान घरातच होतं. ‘उष्णता झाली असेल’ किंवा ‘मूळव्याध असेल, आमच्याकडे सगळ्यांनाच आहे.’ मग तिखट बंद होतं, ताक आणि इसबगोल सुरू होतं. फारच झालं तर भिंतीवर रंगवलेल्या ‘बिना ऑपरेशन, खात्रीशीर इलाज’वाल्या नंबरवर फोन जातो. बहुतेकांना शेवटी मूळव्याध किंवा फिशरच (गुदद्वाराची चीर) निघतं, हे खरं आहे. पण ते तपासल्यावर निघतं. न तपासता काढलेले महिने कधीकधी फार महागात पडतात, आणि मला काळजी त्या महिन्यांची वाटते.

गुदद्वारापासून साधारण दोन सेंटीमीटर आत एक सीमारेषा असते. तिच्या खालच्या त्वचेला वेदना तीव्रपणे कळते. वरच्या अस्तराला चिमटा काढला तरी फारसं कळत नाही. फिशर, म्हणजे कडक खडा झाल्याने पडलेली चीर, या रेषेच्या खाली असते. म्हणून शौचाच्या वेळी जीव जातो आणि नंतरही बराच वेळ आग होत राहते. आतली मूळव्याध रेषेच्या वर असते. तिथून लालभडक रक्ताचे थेंब पडतात, कधी धार लागते, पण दुखत नाही. मोठ्या आतड्यातली कॅन्सरची गाठही बहुधा त्या रेषेच्या वरच असते, आणि तीही सुरुवातीला दुखत नाही. त्यामुळे ‘दुखत नाही ना, मग काही नाही’ हा दिलासा खोटा आहे. शिवाय मूळव्याध आणि गाठ एकाच माणसाला एकाच वेळी असू शकतात. जुनी मूळव्याध माहीत असलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

रंगावरूनही थोडं कळतं. लाल रक्त बहुधा खालच्या भागातलं असतं. जठरातल्या व्रणातून रक्त वाहिलं तर ते वाटेत पचतं आणि शौच डांबरासारखं काळं, चिकट, उग्र वासाचं होतं. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, बीट खाल्लं की लाल दिसतं. त्याने घाबरू नये. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूची गाठ मात्र इतकं हळूहळू रक्त गमावते की डोळ्यांना काही दिसतच नाही. फक्त थकवा येतो आणि हिमोग्लोबिन घसरतं. पन्नाशीच्या पुरुषाला किंवा पाळी गेलेल्या बाईला लोहाची कमतरता निघाली, तर गोळ्यांवर न थांबता ‘रक्त जातंय कुठून?’ हे डॉक्टरांना विचारायलाच हवं.

आतड्यातल्या साध्या पॉलिपचा, म्हणजे अस्तरावर वाढलेल्या छोट्या कोंबाचा, कॅन्सर व्हायला बहुधा दहाएक वर्षं लागतात. कोलोनोस्कोपीत, म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून केलेल्या तपासणीत, तो पॉलिप दिसला तर तिथेच काढता येतो. अमेरिकेत 2021 पासून काहीही त्रास नसलेल्यांनाही पंचेचाळिशीपासून या तपासण्या सुचवल्या जातात. आपल्या सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे, आतड्याचा नाही. म्हणजे इथे बहुतेकांना पहिली सूचना मिळते ती रक्तानेच.

शौचाच्या सवयीत काही आठवडे टिकणारा बदल, आव किंवा शौचात मिसळलेलं रक्त, पोट साफ न झाल्याची सतत भावना, घटतं वजन, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर: यांपैकी काही असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. काहीच नसलं तरी एकदा दाखवावंच, विशेषतः रक्त पुन्हा पडलं तर. खूप रक्त जातंय, चक्कर येतेय, छाती धडधडतेय, रक्ताची उलटी झाली किंवा काळं डांबरी शौच झालं, तर सकाळची वाट पाहू नये, थेट रुग्णालय.

पहिली तपासणी बोटाने आणि छोट्या नळीने होते, काही मिनिटांत. लाजेपोटी बायका हे वर्षानुवर्षं सांगत नाहीत. स्त्री डॉक्टर मागण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. जाताना चालू गोळ्यांची चिठ्ठी न्यावी. अंगदुखीच्या काही गोळ्यांनी जठरात व्रण होऊ शकतात, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढतो. पण हृदयात स्टेंट असेल तर त्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. ते डॉक्टरांनाच ठरवू द्यावं.