वाटीचं ऑपरेशन झालं, आता पुढचे आठ आठवडे

तुमच्या कुत्र्याच्या गुडघ्याची वाटी जागेवर बसवून आम्ही त्याला घरी पाठवतोय. आमचं काम तासा-दोन तासांचं होतं, तुमचं सहा ते आठ आठवड्यांचं आहे. हाड जुळायला तेवढे दिवस लागतातच.

आत नेमकं काय केलंय ते आधी सांगतो. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला एक खाच असते आणि वाटी त्या खाचेतून वर-खाली सरकते. पॉमेरेनियन, चिहुआहुआ, यॉर्कशायर टेरिअर अशा लहान जातींत वाटी बऱ्याचदा आतल्या बाजूला निसटते. चालता चालता मागचा पाय उचलून चार पावलं लंगडी घालायची, मग पाय झटकून जणू काही झालंच नाही असं पळायचं, हे तुम्ही पाहिलंच असेल. ऑपरेशनमध्ये ही खाच खोल करतात. बहुतेक वेळा वाटीची दोरी नडगीला जिथे धरते, तो हाडाचा तुकडाही सरळ रेषेत आणून पिनेने बसवावा लागतो. एका चुकीच्या उडीने ही पीन हलू शकते.

पहिले दोन-तीन दिवस तो सुस्त असेल, कुंई-कुंई करेल, कमी खाईल. शी एक-दोन दिवस झाली नाही तरी घाबरू नका, पण 24 तासांत लघवी झाली नाही तर फोन करा. बर्फ कापडात गुंडाळून दहा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा शेकलं तर सूज लवकर उतरते. औषध फक्त आम्ही लिहून दिलेलं. घरातली माणसांची दुखण्याची गोळी, अर्धीसुद्धा, देऊ नका; आयबुप्रोफेन कुत्र्यांना विषासारखं बाधतं.

टाके 10 ते 14 दिवसांनी निघतील. तोवर गळ्यातली शंकूसारखी कॉलर काढायची नाही. तो केविलवाणं तोंड करून बघेल आणि तुम्हाला दया येईल. पण टाका ओढायला त्याला अर्धं मिनिट पुरतं.

बाहेर नेताना कायम पट्टा, सुरुवातीला फक्त शी-शूपुरतं. पोटाखालून टॉवेलची झोळी धरली की मागच्या पायांवर भार कमी येतो. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली. काखेत धरून लोंबकळत नको. फरशीवर रबरी मॅट टाका आणि पंजाखाली वाढलेले केस कापून घ्या, घसरणं बरंच थांबतं.

खरी परीक्षा तिसऱ्या आठवड्यात. दुखणं गेलेलं असतं, पाय टेकतो, आणि दाराची बेल वाजते. साहेब सोफ्यावरून थेट दाराकडे! आमच्याकडे परत येणारे पेशंट बहुतेक याच दिवसांतले. म्हणून तुमची नजर नसेल तेव्हा पिंजरा किंवा छोटं कुंपण, आणि सोफा पूर्ण बंद.

पाय टेकायला लागलेला कुत्रा अचानक पुन्हा तीन पायांवर आला, जखमेतून पाणी आलं किंवा सूज वाढली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता दाखवायला आणा.

या काळात खाणं थोडं कमी करा. तीन किलोच्या कुत्र्याचं वजन 300 ग्रॅमनी वाढलं तर ते दहा टक्के झालं, आणि पुष्कळदा दुसऱ्या गुडघ्याची वाटीही सैल असते. सहा ते आठ आठवड्यांनी एक्सरे काढू. तो बघूनच जिना आणि सोफा मोकळा करायचा की नाही ते ठरवू.