जामीन मंजूर झाला, मग माणूस अजून आतच का? जामीनदार आणि कागदपत्रांबद्दल

दुपारी न्यायाधीशांनी जामीन मंजूर केला की नागपुरात घरचे लोक थेट वर्धा रोडच्या मध्यवर्ती कारागृहाकडे निघतात आणि गेटवरून परत येतात. मंजुरीनंतर न्यायालयात मुचलका (लेखी हमीपत्र) भरायचा असतो, जामीनदाराची पडताळणी व्हायची असते. मग रिलीज ऑर्डर (सुटकेचा आदेश) निघते. ती संध्याकाळी कैद्यांना बराकीत बंद केल्यावर पोहोचली, तर सुटका सहसा दुसऱ्या दिवशीच.

आधी आदेश नीट वाचा. ‘२५,००० रुपयांचा जातमुचलका व तितक्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार’ असं लिहिलं असेल तर एक रुपयाही भरायचा नाही. जातमुचलका म्हणजे आरोपीनं स्वतः दिलेली लेखी हमी. तो तारखेला आला नाही तरच रकमेचा प्रश्न. हे न कळल्यामुळे मंगळसूत्र गहाण ठेवून पैसे घेऊन आलेली बाई मी सिव्हिल लाइन्सच्या न्याय मंदिरात पाहिली आहे. रोख जमानत (कॅश बेल) ही वेगळी गोष्ट. तिच्यासाठी वकिलामार्फत अर्ज करावा लागतो, आणि मिळालेली पावती खटला संपेपर्यंत जपावी लागते, कारण पैसे तिच्यावरच परत मिळतात.

जामीनदार कोण होऊ शकतो? सज्ञान, पक्का पत्ता असलेला आणि तेवढी ऐपत असलेला कोणीही. नातेवाईकच हवा असं नाही. आधार, रेशन कार्ड, फोटो आणि ऐपतीचा पुरावा लागतो: शेतीचा सातबारा, शहरातली आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) किंवा मनपाची चालू वर्षाची टॅक्स पावती. नोकरदार असेल तर पगारपत्रक आणि ओळखपत्र. मूळ कागद दाखवायला, झेरॉक्स दाखल करायला.

गाडी अडते ती नावावर. घर वडिलांच्या नावावर, वडील जाऊन आठ वर्षं झाली, फेरफार कोणी केलाच नाही. मुलगा पावती घेऊन उभा, पण पावतीवर त्याचं नावच नाही. अशा वेळी दुसरा जामीनदार शोधणं लवकर होतं. तहसीलच्या ऐपतीच्या दाखल्याला (कोर्टात ‘सॉल्व्हन्सी’) तर दिवस जातात. म्हणून ‘सेतू’ किंवा ‘आपले सरकार’वरचा अर्ज जामीन अर्जाबरोबरच टाका, आदेशाची वाट पाहू नका.

जामीनदाराला आणखी किती आरोपींची जमानत घेतली आहे, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८६ प्रमाणे लिहून द्यावं लागतं. कोर्टाबाहेर पैसे घेऊन ‘जमानतदार’ पुरवणारे भेटतात, त्यांच्यापासून लांब राहा. बनावट पावती निघाली तर नवा गुन्हा दाखल होतो, आणि भोगतं आपलंच घर. खऱ्या जामीनदारानंही समजून सही करावी. आरोपी पळाला तर कलम ४९१ खाली रक्कम जामीनदाराकडून वसूल होते, न भरल्यास ६ महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते.

जामीनदार मिळतच नसेल तर? जामीनपात्र गुन्ह्यात (ज्यात जामीन हा हक्कच असतो) अटकेपासून आठवड्यात तो देता आला नाही, तर आरोपीला निर्धन मानून जातमुचलक्यावर सोडायची तरतूद आहे. अजामीनपात्र गुन्ह्यात जामीन मंजूर होऊनही ७ दिवसांत सुटका झाली नाही, तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं, आणि महिनाभरात मुचलका भरला गेला नाही तर अटी शिथिल करता येतील का हे न्यायालयानं स्वतःहून तपासावं, असे सर्वोच्च न्यायालयाचे ३१ जानेवारी २०२३ चे निर्देश आहेत. प्रत्यक्षात कोणी आपणहून शोधत येत नाही, तुम्हीच जा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातींनाही तसाच. इतरांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयातच आहे, हेल्पलाइन १५१००.

आणि जामीनदाराला मधेच अंग काढून घ्यायचं असेल, तर कलम ४८९ खाली अर्ज करता येतो. मात्र न्यायालय आरोपीला बोलावून दुसरा जामीनदार मागतं, आणि तो दिला नाही तर पुन्हा आत पाठवू शकतं. तेव्हा अर्ज टाकायच्या आधी आरोपीच्या घरी एक फोन करा.