सहा डोस म्हणजे किती दिवस? केमोच्या वेळापत्रकामागची गोष्ट

मावशीच्या स्तनात गाठ निघाली आणि तपासणीत ती कॅन्सरची ठरली, तेव्हा काकांनी डॉक्टरांना रोग केवढा आहे हे विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "किती दिस चालंल साहेब? हरभरा काढायला येईस्तोवर मोकळं होऊ का?" डॉक्टर म्हणाले, "सहा सायकल." पुढचा माणूस आत आला आणि आम्ही बाहेर. नर्सने फाईलवर बोट ठेवून सांगितलं, सहा डोस, दर एकवीस दिवसांनी एक. काकांनी घरी येऊन भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि एकवीस-एकवीस घरं मोजून लाल पेनने गोल केले. पहिला डोस दिवाळीनंतरचा. पहिल्यापासून सहाव्यापर्यंत १०५ दिवस झाले, शेवटचा गोल फेब्रुवारीत पडला. हरभरा बसत होता.

हे सहा आणि हे एकवीस कुणी ठरवले, हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता. नंतर वाचत गेलो तसं कळलं की या आकड्यांवर सत्तर-ऐंशी वर्षं भांडणं झाली आहेत.

एकवीसचं मूळ हाडांच्या मज्जेत आहे. पहिल्या महायुद्धात १९१७ मध्ये मस्टर्ड गॅस वापरला गेला. त्यातून वाचलेल्या सैनिकांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार उतरलेल्या दिसल्या, आणि १९१९ मध्ये तसं नोंदवलंही गेलं. पुढे १९४२ साली अमेरिकेत येल विद्यापीठात गुडमन आणि गिलमन यांनी विचार केला, की जे विष पांढऱ्या पेशी मारतं ते त्याच पेशींच्या कॅन्सरवर का चालू नये? त्यांनी नायट्रोजन मस्टर्ड एका रुग्णाच्या शिरेतून दिलं. मानेवरच्या, काखेतल्या गाठी विरघळल्यासारख्या गेल्या. पण महिन्याभरात त्या परत आल्या, दुसऱ्या खेपेला औषधाचा गुण कमी आला, आणि वर्ष सरायच्या आत रुग्ण गेला. युद्धाच्या गुप्ततेमुळे ही हकिगत १९४६ पर्यंत छापलीसुद्धा गेली नाही.

औषध गाठीला मारतं तसं मज्जेलाही मारतं. आजही बहुतेक औषधांनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात आणि तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस वर येतात. पुढचा डोस त्याआधी दिला तर जंतुसंसर्गाने माणूस दगावू शकतो. फार उशिरा दिला तर गाठही सावरते. मज्जा उठलेली आहे पण गाठ अजून उठलेली नाही, अशी जी फट मिळते ती म्हणजे एकवीसावा दिवस. काही औषधांत ही फट चौदाव्या दिवशीच मिळते, काहींत अठ्ठाविसाव्या. पेशी वाढवणारी इंजेक्शनं आल्यावर स्तनाच्या कॅन्सरमध्ये एकवीसचे चौदा दिवस करणंही जमलं. डोसच्या आदल्या दिवशीचा तो सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजल्याचा, कागद म्हणूनच महत्त्वाचा असतो.

सहाचा हिशोब याहून अवघड गेला. १९४८ मध्ये बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कॅन्सरच्या मुलांना अमिनोप्टेरिन दिलं. सोळापैकी दहा मुलांना उतार पडला, पण टिकला नाही. (हे औषध ज्यांच्या प्रयोगशाळेतून आलं ते यल्लप्रगडा सुब्बाराव आपल्याकडचे, भीमावरमचे. फार्बरचं नाव जगात झालं, सुब्बारावांचं फारसं नाही, आणि त्याच वर्षी ते वारले.) उतार पडला तरी थांबायचं कधी, हे कोणालाच माहीत नव्हतं.

ते पहिल्यांदा ज्यांना दिसलं त्यांना नोकरी गमवावी लागली. मिन चिऊ ली हे चिनी वंशाचे डॉक्टर १९५६ च्या सुमारास अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेत, गर्भाच्या वारेतून उद्भवणाऱ्या कोरिओकार्सिनोमावर मेथोट्रेक्सेट देत होते. बायकांच्या फुप्फुसातल्या गाठी एक्स-रेवर दिसेनाशा झाल्या. पण गर्भारपणात वाढणारं एचसीजी हे संप्रेरक त्यांच्या लघवीत थोडं का होईना उरलेलं होतं. ली म्हणाले, ते उरलंय म्हणजे रोग उरलाय, आणि ते शून्यावर येईपर्यंत डोस देत राहिले. वरिष्ठांना वाटलं, बऱ्या झालेल्या बाईला हा माणूस उगाच विष देतोय. त्यांना काढून टाकलं. पुढे दिसलं की लवकर थांबवलेल्यांचा रोग उलटला आणि ली यांच्या रुग्ण बऱ्या राहिल्या. शरीरभर पसरलेला घट्ट गाठीचा कॅन्सर निव्वळ औषधाने बरा झाल्याचं ते पहिलं उदाहरण.

ली यांना जे लघवीत दिसलं त्याचं गणित १९६४ मध्ये हॉवर्ड स्किपर यांनी उंदरांवर मांडलं. डोस ठरावीक संख्येने पेशी मारत नाही, ठरावीक हिश्श्याने मारतो. एक सेंटिमीटरच्या गाठीत साधारण शंभर कोटी पेशी असतात. एका डोसने शंभरातल्या नव्याण्णव मेल्या असं धरू. शंभर कोटींच्या एक कोटी होतील, दुसऱ्या डोसनंतर एक लाख, मग हजार, मग दहा. मधल्या दिवसांत उरलेल्या पुन्हा वाढतात, म्हणून खरा हिशोब याहून कडक. पण दुसऱ्या डोसनंतर हाताला काही लागत नाही, आणि आत लाखभर बसलेल्या असतात. कुंदा खुरपून रान स्वच्छ दिसलं म्हणून गड्डे गेले असं कुणी शेतकरी म्हणत नाही. केमोत मात्र शहाणी माणसंसुद्धा म्हणतात, "गाठ गेली, आता कशाला?" आमच्या मावशीनेही तिसऱ्या डोसच्या आधी हेच म्हटलं होतं.

मग सगळीकडे लांब उपचारांची लाट आली. १९६२ पासून अमेरिकेतल्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरला वर्षानुवर्षं औषध चालू ठेवलं. तो उपचार आजही दोन ते तीन वर्षांचा आहे, त्यातली बरीचशी वर्षं घरी गोळ्या घेण्याची. हॉजकिन्स या लसिकाग्रंथींच्या कॅन्सरला १९६४ मध्ये चार औषधांची जोडणी आली, २८ दिवसांच्या किमान सहा फेऱ्या. मिलानच्या बोनादोन्ना यांनी १९७६ मध्ये स्तनाच्या ऑपरेशननंतर बारा सायकल देऊन रोग उलटणं कमी होतं हे दाखवलं. म्हणजे बाईचं जवळपास वर्ष गेलं.

मला त्यांचं पुढचं काम जास्त आवडतं. १९८३ मध्ये त्याच मंडळींनी बारा आणि सहा समोरासमोर ठेवले, तर गुण सारखाच निघाला. अर्धं वर्ष बायकांना परत मिळालं. १९९० मध्ये दुसऱ्या जोडणीचे चार डोस, जेमतेम दोन महिन्यांत उरकणारे, त्या सहा महिन्यांच्या बरोबरीचे ठरले. वृषणाच्या कॅन्सरमध्ये मुख्य उपचारानंतर जवळजवळ दोन वर्षं चालणारं औषध १९८१ मध्ये निरुपयोगी ठरून बंद झालं, आणि सौम्य गटात चारऐवजी तीन सायकल, म्हणजे नऊ आठवडे, पुरे असं १९८९ मध्ये कळलं. मोठ्या आतड्याचं तर एक वर्षाचं सहा महिने झालं आणि २०१८ मध्ये, १२ हजारांहून अधिक रुग्णांच्या आकडेवारीनंतर, काही जणांसाठी तीन महिने. तिथे महिने कमी करण्याला एक साधं कारण होतं: ऑक्झॅलिप्लॅटिन या औषधाने हातापायाची बोटं बधिर होतात आणि डोस वाढले तशी ती बधिरता मुक्कामाला राहते. कापूस वेचणाऱ्या बाईला बोटं बधिर म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. पण डोस कमी करायचा निर्णय दरवेळी हजारो माणसांवर तपासून झाला, एकाने कंटाळून नव्हे.

मराठवाड्यात 'किती दिवस'मध्ये रस्ताही मोजावा लागतो. टाटा रुग्णालय १९४१ चं. तेव्हा आम्ही निजामाच्या राज्यात होतो, आणि पुढेही कैक वर्षं कॅन्सर म्हटलं की मुंबईच. देवगिरी किंवा नंदीग्रामने रात्रभर जायचं, परळला फूटपाथवर नंबर लावायचा, डोस घेऊन उलट्या करत परत यायचं, आणि एकवीस दिवसांनी पुन्हा. लातूर-धाराशिवकडच्यांना बार्शी जवळची. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये तिथेच सुरू झाली आणि तिच्यात परंडा-भूमची गावं आहेत. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कॅन्सर रुग्णालय २०१२ मध्ये सुरू झालं. त्याच वर्षी जीवनदायी योजना पहिल्या आठ जिल्ह्यांत आली, त्यात नांदेड होतं. पुढे तिला महात्मा फुले यांचं नाव मिळालं. आता पुष्कळ डोस जवळच मिळतात, अडतं ते मंजुरीच्या कागदावर.

आणि उपचार किती लांबणार हे बरंचसं रोग कधी सापडला यावर असतं. याचा पुरावा आपल्याच जिल्ह्यात तयार झाला. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या एक लाख ३१ हजारांवर बायकांना गटांत विभागून गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी झाली. एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) चाचणीने त्या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचं २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. लवकर सापडलं तर छोट्या शस्त्रक्रियेवर भागतं, केमोचा प्रश्नच येत नाही. पुढे सरकलेल्या रोगात लाईटबरोबर, म्हणजे रेडिएशनबरोबर, आठवड्याला एक असे सिस्प्लॅटिनचे पाच-सहा डोस असतात, आणि सगळा उपचार आठ आठवड्यांत आवरायचा असतो. तिथे खाडे चालत नाहीत.

मावशीचे गोल मात्र हलले. तिसरा डोस येळवशीच्या, म्हणजे शेतात जेवायला जायच्या अमावास्येच्या, आदल्या दिवशी होता. रक्त तपासलं तर पेशी कमी. "पुढच्या आठवड्यात या." काकांनी लाल गोलावर फुली मारली आणि पुढचे सगळे गोल सात घरं सरकवले. त्यामुळे मावशीला येळवस मिळाली. कोपीपाशी तोंडाला मास्क बांधून बसली. पेशी कमी म्हणून आंबिलीला हात लावला नाही, भज्जी तेवढी गरम करून घेतली. हरभरा दुसऱ्यांनी काढला.

पाचव्या डोसच्या दिवशी बाकावर एक बीडकडचा माणूस शेजारी होता. गालावर पट्टी, बोलणं मुलगाच करत होता. तोंडाचा कॅन्सर, ऑपरेशनच्या पलीकडे गेलेला. त्याला सलाईन नव्हतं. मेथोट्रेक्सेटच्या आठवड्याच्या गोळ्या आणि रोजच्या सेलेकॉक्सिबच्या. या स्वस्त जोडणीची मोठी चाचणी टाटातच झाली, २०२० मध्ये छापून आली, आणि ती दर तीन आठवड्यांनी द्यायच्या सिस्प्लॅटिनपेक्षा सरस निघाली. हे काकांना ठाऊक नव्हतं. त्यांनी कॅलेंडरवाल्या माणसासारखंच विचारलं, "तुमचे किती राहिले?"

मुलगा म्हणाला, "आमचं मोजत न्हाईत. गोळ्या संपल्या की यायचं."